करंजटेपचा बिनकामाचा ज्वालामुखी

मी ज्वालामुखी बोलतोय. दचकू नका. माझ्यात ना आग, ना लाव्हा. रद्दी पेपर, डिंक आणि तपकिरी रंग, एवढंच माझं अंग. तोंडात खायचा सोडा टाकून वर लाल केलेलं व्हिनेगर ओतलं की मी फसफसतो. तेवढ्यावर माणसं टाळ्या वाजवतात. त्यामुळे माणसांच्या टाळ्यांबद्दल माझं मत पहिल्यापासूनच वाईट आहे.

माझा जन्म बिरवाडीतल्या एका भाड्याच्या खोलीत झाला. मला घडवणारे उतेकर सर पोलादपूरच्या वरच्या अंगाला करंजटेप नावाच्या वाडीत चौथीला शिकवतात. तालुक्याला शैक्षणिक साहित्याचं प्रदर्शन भरणार होतं आणि सरांना ‘काहीतरी हटके’ हवं होतं. जेवण झालं की ते मोबाईल घेऊन बसायचे. कुठे परदेशी पोरं बर्फाचा माणूस करून बेरीज शिकतायत, कुठे भोपळ्याला डोळे कोरून भूमिती चाललीय. सर बघायचे, सेव्ह करायचे, पुढे सरकवायचे. त्यातली एकही कल्पना वर्गाचा उंबरा चढली नाही. शेवटी ‘नैसर्गिक आपत्ती’ या पाठासाठी मी सापडलो.

“अहो, पण तुमच्या वाडीत ज्वालामुखी कुठाय?” त्यांच्या बायकोने, वैशालीताईंनी, विचारलं.

“तो मुद्दा नाही गं. इफेक्ट बघ ना!”

इफेक्ट! पाठाचा मुद्दा काय, हे सरांनी त्या आठवड्यात एकदाही स्वतःला विचारलं नाही. माझ्या उतारावर हिरवा रंग द्यावा की नको, यावर मात्र तीन मित्रांना फोन केले.

प्रदर्शनात मला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांपैकी एकाने मला दोनदा फसफसायला लावलं. दुसऱ्याने वडापाव खाता खाता “फार नावीन्यपूर्ण!” असा शेरा दिला. मुलांना यातून काय कळेल, हे कोणीच विचारलं नाही. मला पदक, सरांना प्रमाणपत्र आणि सगळ्यांना चहा.

जूनमध्ये शाळा उघडली आणि सरांनी मला वर्गात आणलं. पोरांनी टाळ्या पिटल्या, बाकं बडवली. फेस ओसरला तेव्हा अक्षदा नावाची मुलगी उठून उभी राहिली. तिचे आईबाप मुंबईला कामाला. ती आजीबरोबर, प्रयागबाईंबरोबर, वाडीच्या वरच्या टोकाला राहते.

“सर, आमचे गोठ्याचे वर जमिनीला भेग पडलीय. ती पण अशी फुटंल काय?”

सर हसले. “नाही गं. आपल्याकडे ज्वालामुखी नसतात.”

“मग आपल्याकडं काय होतं?”

सरांनी घड्याळाकडे बघितलं. “ते पुढच्या धड्यात.”

पुढच्या धड्यात वाहतुकीची साधनं होती! मी टेबलावरून सगळं बघत होतो. माझी कीव करावी की सरांची, ते मला ठरवता येईना. डोंगराच्या उतारावर राहणाऱ्या पोरांना हा माणूस भलत्याच डोंगराची भीती घालून मोकळा झाला होता.

पाऊस वाढला. काही दिवसांनी अक्षदा हजेरीच्या वेळीच पुढे आली. “सर, आदी भेगंत माझा हात जायचा. आता पाय जातो.”

या वेळी सर हसले नाहीत. शाळा सुटल्यावर तिच्याबरोबर वर गेले. परत आले ते गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. रिकाम्या वर्गात बसून त्यांनी आधी तालुक्याला फोन लावला. मग, सवयीप्रमाणे, मोबाईलवर दरडीचा पाठ शोधू लागले. एका गोऱ्या बाईंनी खिरीसारख्या पदार्थावर बिस्किटं घसरवून दाखवली होती. सर बराच वेळ ती बिस्किटं बघत राहिले. मग त्यांनी मोबाईल उपडा ठेवला. त्या माणसाने केलेली ही पहिली कृती, जिला मी नावं ठेवली नाहीत.

दुसऱ्या दिवशी भेग बघायला साहेब लोक आले. “वरची घरं ताबडतोब सोडा, शाळेत राहायला जा,” असं सांगून गेले. वाडीने ऐकून घेतलं आणि कोणीही हललं नाही. गुरं कुठे बांधायची, चूल कुठे मांडायची? असले साहेब दर पावसाळ्यात येतात, असं म्हणून माणसं लावणीला गेली.

मग सरांनी मला उचलून कपाटावर ठेवलं आणि माझ्या टेबलावर खिचडीची परात मांडली. पोरांनी वरच्या उताराची माती आणली, थापून डोंगर केला. काड्यांची झाडं, काडेपेट्यांची घरं. अक्षदाने आपलं घर स्वतः ठेवलं. सरांनी तांब्याने पाणी ओतलं. काहीच झालं नाही. पोरं हिरमुसली, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

सरांनी मग पट्टीने डोंगराचा पायथा कापला, जसा वाडीखालचा रस्ता रुंद करताना जेसीबीने खरा डोंगर कापला होता. पुन्हा पाणी ओतलं. आधी वर एक बारीक भेग दिसली. मग अख्खा उतार एका दमात खाली बसला आणि अक्षदाची काडेपेटी दिसेनाशी झाली.

कोणी टाळी वाजवली नाही.

“आजी तितंच निजते,” अक्षदा म्हणाली.

“उद्या आजीला घेऊन ये,” सर म्हणाले. “वरच्या सगळ्यांना घेऊन ये.”

माणसं आली, पण कुरकुरत. “काय सर, कामं टाकून खेळ बगाया बोलावलाव काय?” असं म्हणत श्रीपत नावाचा शेतकरी दारातच उकिडवा बसला. सरांनी भाषण केलं नाही. नुसतं पाणी ओतलं. घरं गेली. प्रयागबाई परातीवर वाकल्या.

“माजं घर कंचं व्हतं?”

अक्षदाने बोटाने चिखल उकरून दाखवलं.

“परत कर,” म्हातारी म्हणाली. सरांनी पुन्हा डोंगर थापला, पायथा कापला, पाणी ओतलं. प्रयागबाईंनी पदराने तोंड पुसलं. “श्रीपत, ऊठ रं. गुरं सोडाया पायजेत.”

वरची सगळी माणसं शाळेत राहायला आली. त्यांचे हाल मी कपाटावरून पाहिले. ओले कपडे, धूर, भांडणं. दिवस गेले, डोंगर जागचा हलेना. प्रयागबाई सकाळ-संध्याकाळ सरांना शिव्या घालायच्या. श्रीपत तर सामान बांधून वर निघाला होता. सर दारात आडवे उभे राहिले. “आजच्या दिवस थांबा, पाया पडतो तुमच्या,” म्हणाले. मी त्यांना एवढं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी परिपाठ चालू असताना आवाज आला. खिडक्या थरथरल्या. मी कपाटावरून पडता पडता राहिलो. सगळे बाहेर धावले. वरची घरं, गोठे, फणसाची झाडं होती तिथे तांबडा चिखल वाहत होता. आत कोणी नव्हतं.

प्रयागबाई पायरीवर बसल्या. “घर गेलं रं माजं,” एवढंच म्हणाल्या, आणि अक्षदाला इतकं घट्ट धरलं की पोर कळवळली. सर भिंतीकडे तोंड करून रडत होते.

इथे माझी गोष्ट संपायला हवी होती. पण माणसं आली! कॅमेरे आले, पाहुणे आले. परातीतला चिखल फोटोत बरा दिसेना. कोणाची तरी नजर माझ्यावर गेली. मला खाली काढलं, पदक पुसलं, सोडा टाकला, फेस काढला. ‘ज्वालामुखीने वाचवली वाडी’ अशी चित्रफीत गावोगाव फिरली. सर घसा फोडून सांगत होते की याचा काही संबंध नाही. ते वाक्य कापण्यात आलं.

आता वाडी खाली सपाटीला हलवलीय आणि मी तिथल्या नव्या पत्र्याच्या शाळेत काचेच्या कपाटात आहे. हार घातलाय. वाळवी लागलीय, ती तेवढी प्रामाणिकपणे काम करते.

कालच एका दूरच्या गुरुजींचा फोन आला होता. “सर, तुमचा तो ज्वालामुखीचा पाठ पाठवा ना. आमच्याकडे पण प्रदर्शन आहे.”

“तुमचं गाव कुठे?” सरांनी विचारलं.

“नदीकाठी.”

“पूर येतो?”

“दरवर्षी. पण सर, त्या फेसाला लाल रंग कुठला वापरलात?”

सरांनी फोन ठेवला. काचेतून माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं, आता तरी सुटका होईल. पण साहेबांनी पाहणीसाठी मला जपून ठेवायला सांगितलंय. तेव्हा तुम्हालाच विनवतो. या शाळेत कधी आलात, तर माझा फोटो काढू नका. मला उचला आणि चुलीत घाला. आयुष्यात एकदा तरी मला खरोखर पेटायचंय.