काळ्या खरखरीत अंगाची मी

मी गाडी बोलतेय. अशा तिरक्या नजरेने बघू नका, नीट बघा. काळी आहे, खरखरीत आहे, चमक म्हणाल तर नावालाही नाही. कुणी मला मगर म्हणतं, कुणी जळका तवा. म्हणोत बापडे. हे अंग मला अपघाताने मिळालेलं नाही, ठरवून मिळालंय, आणि त्याची मला तिळमात्र लाज नाही.

पहिल्यांदा रस्त्यावर आले तेव्हा मी मोतिया रंगाची होते. अशी लखलखत होते की येणारा-जाणारा माझ्या दारात बघून केस सारखे करायचा. मला विकत घेतलं एका गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी, स्वतःच्या कमाईतून. गावोगावच्या गोठ्यांत वेळेवर पोचायला गाडी हवी, एवढाच त्यांचा विचार. पण अंगणात चाक टाकलं आणि मी 'घरची गाडी' झाले.

घरची म्हणजे कुणाची? तर बाईंच्या धाकट्या दिराची. भाऊजींचा धंदा जागा दाखवण्याचा. "वहिनी, आज जरा मोठं गिऱ्हाईक आहे, गाडी नेतो हं," असं म्हणेपर्यंत किल्ली त्यांच्या बोटात फिरायला लागलेली असायची. बाई "बरं" म्हणायच्या आणि औषधांची पेटी घेऊन बसची वाट बघत उभ्या राहायच्या. एकदा अशाच उभ्या राहिल्या, आणि गोठ्यात पोचल्या तेव्हा अडलेली गाय वासरासकट गेली होती. मी त्या वेळी एका रिकाम्या प्लॉटसमोर भाऊजींची शान वाढवत उभी होते. ते आठवलं की माझं इंजिन आजही तापतं.

बाई घरी कुणाला चकार शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मला घेऊन थेट रंगाऱ्याकडे गेल्या. त्याच्याकडे ट्रकच्या हौद्याला आतून एक जाड रबरी थर मारून देतात, फवाऱ्याने. मग हौद्यात दगड ओता नाहीतर लोखंड आपटा, त्याला ढिम्म काही होत नाही.

"हा हिच्या अंगावर मारा. सगळीकडून."

रंगारी हसला. मग बाईंचा चेहरा बघून हसायचा थांबला. "मॅडम, हा हौद्याचा माल. गाडीला बाहेरून कुणी मारतं का? पुसायला गेलात तर फडकं अडकेल. शिवाय एकदा बसला की निघायचा नाही. विकायला काढलीत तर कुणी दारात उभं करणार नाही."

"मला तेच हवंय," बाई म्हणाल्या.

हा थर धरायचा तर खालचा रंग आधी घासावा लागतो. तिथे मात्र रंगारी अडून बसला. इतक्या चांगल्या रंगावर माझा हात धजत नाही म्हणाला. "मग द्या इकडे," म्हणून बाईंनी सँडपेपर घेतला, बाह्या वर सारल्या आणि बॉनेटपासून सुरुवात केली. दुखलं, खोटं कशाला बोलू? पण घासता घासता बाई पुटपुटत होत्या, "आता न्या म्हणावं, न्या." तेव्हा सगळा प्रकार माझ्या लक्षात आला आणि मी मुकाट्याने घासून घेतलं. मग काचा-दिवे झाकून फवारा सुरू झाला. गडबडीत पेट्रोलचं झाकण झाकायचं राहिलं, ते असं चिकटलं की अजून स्क्रू-ड्रायव्हर घालूनच उघडतात.

मला बघून भाऊजींचा चेहरा पडला. असल्या गाडीत गिऱ्हाइकाला बसवायचं म्हणजे अब्रूच गेली. त्यांनी किल्ली मागायची सोडली आणि माझे सुखाचे दिवस सुरू झाले. बैल शिंगं घासतात, शेळ्या टपावर चढून खुशाल रवंथ करतात, ओरखडा म्हणून उमटत नाही. चिखल खाचांत बसतो, तो ब्रशने खरवडावा लागतो. उन्हाने टपावरचा काळा रंग विटून जरा राखाडी झालाय. होऊ दे.

पण भाऊजी स्वस्थ बसणाऱ्यातले नव्हते. कुणीतरी त्यांना सांगितलं की हा नुसता चिकटवलेला कागद असतो, कोपरा धरून ओढला की सुटतो. झालं! हा कागद काढायचा, मला विकायचं आणि आपल्या पसंतीची गाडी आणायची असा बेत शिजला. एका दुपारी त्यांनी खुंटीवरची किल्ली न विचारताच उचलली आणि माझ्या दाराच्या कडेला नख घातलं. नख तुटलं. मग स्वयंपाकघरातली सुरी आली. ती वाकली.

"अरे, माझी भाजीची सुरी!" सासूबाई बाहेर आल्या.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. वरच्या वस्तीवर गाय अडली होती. बाई पेटी घेऊन धावत आल्या आणि समोर हे सगळं. आता परत "बरं" म्हणतात की काय, या धास्तीने मी गारठले.

"भाऊजी, किल्ली द्या."

"वहिनी, घरची गाडी आहे. जरा घराचा विचार..."

"गाडी माझी आहे. माझ्या पैशाने घेतलीय. हे मी तोंडाने कधीच सांगायला हवं होतं, या बिचारीचं अंग सोलायला नको होतं. आता सांगते. तुम्हाला लागली तर आधी विचारायचं. मी नाही म्हटलं तर नाही."

बाईंनी किल्लीसाठी हात पुढे केला, तो मागे घेतला नाही. भाऊजींनी आईकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस? दे किल्ली," सासूबाई म्हणाल्या. "तिकडे मुकं जनावर खोळंबलंय."

किल्ली बाईंच्या हातात पडली. त्या दिवशी मी जी पळाले तशी मोतिया असतानाही पळाले नव्हते. वासरू उलटं, मागच्या पायांकडून येत होतं. आम्ही वेळेत पोचलो. दोघंही वाचली.

हल्ली भाऊजी विचारून नेतात, तेही क्वचित. तुमच्याकडे माझं मागणं एवढंच, की माझी कीव करू नका आणि मला पॉलिशवाल्याचा पत्ता देऊ नका. हसायचं असेल तर जरूर हसा, पण कडेला होऊन हसा. कुठल्यातरी गोठ्यात आमची वाट बघतायत, आणि आज बाईंनी बसची वाट बघायची नाहीये.