रुमालाखालचा भाव

आमच्या मालकानं भर बाजारात रुमाल झटकून खांद्यावर टाकला, तवा माझ्या हातातली किटली खाली पडायचीच राहिली. अंगावरलं धोतर सोडलं असतं तरी मला एवढा धक्का बसला नसता.

झरीच्या बाजारात शेरडामेंढरांचा भाव तोंडानं करत न्हाईत. दलाल रुमाल टाकतो, त्याच्याखाली घेणाऱ्याचा हात धरतो, बोटं दाबून भाव घेतो. मग तसाच इकणाऱ्याचा हात धरतो. घेणाऱ्यानं दाबल्याली बोटं येगळी, इकणाऱ्याला सांगितल्याली येगळी, अन् मधलं दलालाच्या खिशात. आमचे मालक, पंडितराव, असलेच दलाल. वीस वर्सं त्या रुमालावर आमची चूल पेटली. मी त्याच बाजारात चहा इकायची, मला काय ठाऊक नव्हतं व्हय?

बाप्तिस्मा आमी दोघांनी एकाच दिवशी घेतला. मी घरी येऊन भाकरी थापायला बसले, ह्यांचं मात्र जेवणावरलं मन उडालं. "केशर, प्रभूचं नाव घ्यायचं अन् रुमालाखाली गरिबाला लुटायचं, हे जमायचं न्हाई," म्हणाले. मी म्हणलं, "लुटू नका की मग. रुमालानं काय घोडं मारलंय?" पण ऐकतील तर शपथ. चर्चमधी पाळकसाहेबांपुढं सगळ्या मंडळीत उभं राहून सांगून आले, आता भाव उघड्यावर बोलणार.

बहात्तरचं साल. रानात काडी उरली न्हवती. त्या दिवशी सकाळीच उमाजी धनगराची बायको भिवराबाई माझ्याकडं आली, चुलीजवळ बसली अन् हळूच बोलली. त्यांच्या लेकीची, सुगंधाची, सुपारी फुटली व्हती, येडबाच्या पोराशी. येडबाला उमाजीनं सांगितलं व्हतं, म्हाताऱ्या मेंढ्या तेवढ्या काढायलोय, कळप शाबूत हाय. खरं तर गाभण मेंढ्या बाजारात आणल्या व्हत्या, पोटं अजून दिसत न्हवती एवढंच. धनगराच्या घरात गाभण मेंढी इकली म्हंजे घर बसलं, असं धरत्यात. "येडबा बाजारात आलाय, बाई," ती म्हणली. "त्याच्या कानावर गेलं तर पोरीचं लगीन मोडंल."

मी काय म्हणले ठाऊक हाय? "भिऊ नको. गाभण हाय का भाकड, ते बी बोटांनीच सांगत्यात. रुमालाखालचं बाहीर येत न्हाई." माझ्याच तोंडानं म्हणले. हे आजच, अन् उमाजीपासनंच सुरुवात करतील, हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई.

येडबा माझ्यापुढं बसून बशीतनं चहा प्यायला लागलता. तवाच ह्यांनी रुमाल खांद्यावर टाकला अन् मोठ्यानं बोलले, "उमाजीच्या बारा मेंढ्या. समद्या गाभण. घेणारा नगाला पंधरा रुपये द्यायलाय. मधे माझं काई न्हाई."

बाकीचे दलाल तोंडाकडं बघत राहिले. येडबानं बशी खाली ठेवली. उमाजीपाशी गेला अन् म्हणला, "गाभण?" उमाजी मान खाली घालून उभा. येडबा तसाच माघारी फिरला. बाजार उठायच्या आत त्याचा माणूस येऊन सांगून गेला, सुपारी परत करतो.

भिवराबाई तशीच आमच्या मालकापुढं आली. मला वाटलं शिव्या देईल. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पंडितराव, तुमच्या देवाला रुमालाखालचं दिसत न्हाई का?" तिनं इचारलं.

"दिसतं की, भिवराबाई."

"मग त्याच्यासाठी रुमाल कशाला काढला?"

हे चाचरायला लागले. "आज उमाजीचं मी काईच खाल्लं न्हाई. घेणाऱ्यानं दिलं ते पुरं त्याच्या हातात पडलं."

"व्हय, पुरं पडलं," ती म्हणली. "आयुष्यात पयल्यांदा पुरं पडलं, अन् माझ्या लेकीचं घर गेलं."

मला रडू आलं, अन् राग बी आला, ह्यांचा अन् माझा बी.

पुढच्या बाजारी हे रुमाल घेऊन गेले. मी म्हणलं, आली अक्कल. उमाजी ऱ्हायलेल्या सात मेंढ्या घेऊन आला व्हता. ह्यांनी रुमाल टाकला, घेणाऱ्याचा हात धरून उमाजीच्या हातात दिला अन् सोताचा हात बाहीर काढला. दोघांचा भाव दोघांतच, मधे दलालाचं बोट न्हाई. वीस वर्सांत असं कुणी केलं न्हवतं. मी चूल सोडून उभी राहिले. वाटलं, माझ्या माणसाला अखेर वाट घावली.

उमाजीनं रुमालाखालनं हात काढून घेतला.

"आता काय झाकायलात, पंडितराव?" तो म्हणला. मग बाजाराकडं तोंड करून, हे बोलले व्हते त्याच आवाजात बोलला, "उमाजीच्या सात मेंढ्या. समद्या गाभण. नगाला चौदा मिळाले तरी देतो."

हे रुमाल हातात धरून उभेच राहिले. भिवराबाई मेंढ्यांपाशी बसली व्हती. मी तिच्यासाठी चहा घेऊन गेले. तिनं कप घेतला न्हाई.