सशाच्या पोटातली गजक

थाटीपुरच्या मधुसूदनरावांच्या सशाला हगवण लागली. जनावरांच्या डॉक्टरांनी त्याचं फुगलेलं पोट चाचपलं. "आतड्यांना सूज आहे. गोड कोणी दिलं? खरं सांगा, त्यावर औषध ठरेल."

मधुसूदनरावांना घाम फुटला. त्यांना मधुमेह, आणि पत्नी राजलक्ष्मीबाई शेजारीच उभ्या! पण ससा मान टाकून पडला होता.

"मीच," ते पुटपुटले. "रोज तीळ-गुळाची गजक. अर्धी त्याला, अर्धी मला."

"आजोबा, तुम्ही तो हद कर दी!" नात उन्नती किंचाळली. राजलक्ष्मीबाईंनी अबोलाच धरला.

औषध आणि सुकं गवत सुरू झालं. चौथ्या दिवशी सशाने कोरड्या, गोल लेंड्या टाकल्या.

"अगं, लवकर ये, बघ!" मधुसूदनराव ओरडले.

राजलक्ष्मीबाई धावत आल्या, लेंड्या पाहून म्हणाल्या, "बरा झाला बिचारा!" आणि अबोला मोडल्याचं लक्षात येताच हसत सुटल्या.