बाद झालेल्यांची चटई

“बाद,” बाई म्हणाल्या, आणि वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा हसत हसत उठून खिडकीखालच्या चटईवर जाऊन बसला.

सात आठी पंचावन्न, असं त्याने बेधडक सांगितलं होतं. सगळे त्याला पंतोजी म्हणत. पाढे तो झोपेतही चुकला नसता. बाईंनी चोरून मागच्या बाकाकडे पाहिलं. तिथे मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, हाताची घडी घालून बसल्या होत्या. कालच त्यांनी बजावलं होतं, “उद्या येऊन बघते. पाढे आले नाहीत, तर खेळ बंद आणि घोकंपट्टी सुरू.”

खेळ अगदी साधा होता. चुकला तो बाद, चटईवर. तिथे मात्र गप्प बसायचं नाही. बाद झालेल्यांनी मिळून पुढचा प्रश्न काढायचा, आणि त्याचं उत्तर आधी आपल्याला यायला हवं. चुकलेल्या पोरांनी तोंड पाडून बसू नये, एवढाच बाईंचा हेतू. आज तोच खेळ त्यांना तोंडघशी पाडायला निघाला होता.

पंतोजीमागोमाग त्याची शेजारीण गेली. मग जुळ्या भावांतला एक, आणि लगोलग दुसराही. बघता बघता बाक रिकामे झाले आणि चटईवर दाटी झाली.

“रोज असंच चालतं का?” मोठ्या बाईंनी विचारलं.

“अलीकडे जरा...” बाई उगाच फळा पुसू लागल्या.

मोठ्या बाई उठून चटईपाशी गेल्या. डोक्याला डोकी लावून कुजबुज चालली होती, आणि सगळ्यांच्या मधोमध होती गोगलगाय. रोज सर्वांआधी बाद होणारी, हजेरीलासुद्धा जेमतेम ओठ हलवणारी पोर.

“अकराचा नको, तो कुणालाही येतो,” ती सांगत होती. “तेरा साती विचारू. तेरा सक अठ्ठ्याहत्तर, वर तेरा. एक्क्याण्णव.”

“काय रे,” मोठ्या बाईंनी पंतोजीला विचारलं, “तुला सात आठी येत नाही?”

“येतं की. छप्पन्न.” तो जरा ओशाळला. “पण बरोबर सांगितलं की इकडे येता येत नाही. हिच्या डोक्यातून भारी प्रश्न निघतात.”

त्या पोरीचा एवढा आवाज बाईंनी आजवर ऐकलाच नव्हता.

गोगलगायीने मान वर केली. प्रश्न तयार होता, पण बाकांवर विचारायला कुणी उरलं नव्हतं. समोर उभ्या होत्या त्या मोठ्या बाईच.

“तेरा साती?” तिने विचारलं.

तिसापर्यंतचे पाढे उलटसुलट म्हणणाऱ्या मोठ्या बाईंनी चटईकडे पाहिलं, मग बराच वेळ छताकडे.

“ब्याण्णव,” त्या म्हणाल्या.

“बाद,” म्हणत गोगलगाय सरकली आणि तिने आपल्या शेजारी जागा करून दिली.