चालू मशीन

शेवंतीने फ्लॉपीचा डबा भरतकामाच्या मशीनच्या पोटातून ओढून काढला, तेव्हा त्याच्यामागोमाग तुसांचा एक राखाडी बोळा बाहेर आला. तिने तो चिमटीत धरून उजेडात पाहिला. मंडळांच्या टी-शर्टांचा भगवा, शाळांच्या बिल्ल्यांचा निळा, बँडवाल्यांच्या कोटांची जर, सगळं एकमेकांत कालवून मातीच्या रंगाचं झालं होतं.

"अजून चाललंच आहे का तुझं?" हेमचंद्र दारात उभा होता. आत यायला चप्पल काढावी लागली असती, म्हणून बाहेरूनच बोलत होता.

"फ्लॉपी आता मिळत नाहीत रे. होत्या त्यांना बुरशी आली. ह्याच्या जागी दुसरा डबा बसतो, पेन ड्राइव्ह घेतो तो. लॅमिंग्टन रोडला मिळाला."

"ताई, दसऱ्यापर्यंत चाललं तर चाललं. नाहीतर भंगारवाल्याला बोलवतो मी. खोली उगाच अडून राहिलीय."

शेवंती स्क्रू एका वाटीत जमा करत राहिली.

मशीन बाबांनी घेतलेलं. गिरणी बंद पडली तेव्हा हाती आलं त्यातून त्यांनी लालबागमधली ही तळमजल्यावरची खोली घेतली आणि बारा सुयांचं जपानी मशीन जुन्यात आणलं. शेवंती त्याच सुमारास सासर सोडून परत आली होती. दिवसभर भिंतीला टेकून बसणाऱ्या पोरीला बाबांनी एके दिवशी दोरा ओवायला बसवलं, आणि ती जी बसली ती उठलीच नाही. "मशीन शेवंतीचं, खोली हेमूची," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. सांगायचेच नुसते. ते गेल्यावर वरच्या मजल्यावरच्या घरात हेमचंद्र, त्याची बायको मेघना आणि शेवंती, एवढेच उरले. सकाळ-संध्याकाळचा स्वयंपाक आणि मधल्या वेळात मशीन, असं तिचं आयुष्य बरं चाललं होतं.

नवा डबा जागेवर नीट बसला, पण मशीनला तो दिसेना. हिरवा दिवा लागला तो लागूनच राहिला. तिने दुकानदाराला फोन केला.

"दिवा सारखा पेटलेला राहतो? मग वायरची पट्टी उलटी लावलीय तुम्ही," तो म्हणाला. "काढा, फिरवून लावा."

तिने पट्टी फिरवली. दिवा लुकलुकला, विझला, आणि पडद्यावर शाळेच्या बिल्ल्याचं चित्र उमटलं. पण भरायला घेतलं की दोरा तुटायचा. सुई बदलली, ताण सैल केला, तरी तुटायचा. शेवटी खालचं, दोरा पकडणारं हुक उघडून तिने त्याच्या कडेवरून नख फिरवलं, तर एका जागी अडकलं. कधीतरी मोडलेल्या सुईचा ओरखडा होता तो. बारीक पॉलिशपेपरने ती तो घासत बसली, नख अडकेनासं होईपर्यंत. त्या दुपारी मशीन न थांबता चाललं. शेवंती समोरच्या स्टुलावर बसून नुसती बघत राहिली. चहा गार झाला तरी तिला कळलं नाही.

हेमचंद्र आला तो या खेपेला चप्पल काढून आत आला.

"भारी गं ताई! थांब, व्हिडिओ काढतो. रंग जास्त असलेलं काहीतरी लाव. बाराही सुया दिसल्या पाहिजेत."

तिने मोर लावला. तो मोबाइल धरून मशीनभोवती फिरला. दोरा कसा ओवायचा, पेन ड्राइव्ह कसा लावायचा, तेल कुठे घालायचं, सगळं विचारत गेला, आणि ती हौसेने सांगत गेली. बाबा असताना जो कधी इकडे फिरकला नाही, त्याला आज पिसाऱ्यातला टाका नि टाका बघायचा होता. गिऱ्हाईक आणेल आता, तिला वाटलं. रात्री तिने त्याच्या आवडीची सुकट केली.

दसऱ्याच्या आधीच टेम्पो आला.

"भिवंडीच्या पार्टीला दिलं," हेमचंद्र म्हणाला. "चांगल्या हातात गेलं, काळजी करू नकोस."

"पण आता तर चालू झालं होतं."

"म्हणून तर गेलं ना! बंद मशीन कोण घेतो? तुझेपण डोळे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत, ताई. किती करणार? आराम कर."

हमालांनी मशीन गोधडीत गुंडाळलं. गोधडी शेवंतीच्याच अंथरुणातली होती. मेघनाने काढून दिली होती.

मग खरंच आराम सुरू झाला. खोलीला नवं कुलूप लागलं, किल्ली हेमचंद्राच्या खिशात गेली. तो हल्ली संध्याकाळी उशिरा यायचा, कधी बाहेरच जेवून यायचा. शेवंती डाळ निवडायची, निवडलेली पुन्हा निवडायची. भंगारवाल्याची आरोळी आली की तिच्या मनात यायचं, तो ओरखडा तसाच ठेवला असता तर? बंद पडलेलं होतं तोवर ते कुणालाच नको होतं.

एका संध्याकाळी ती तांदूळ धूत असताना फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

"शेवंतीताई का? मी वडाळ्याहून बोलतोय. ती बारा सुयांची मशीन आमच्याकडे आहे ना, मी नवीन ऑपरेटर. सकाळपासून खाली दोऱ्याचा गुच्छा होतोय. काय करू?"

"वडाळ्याला?" तिने विचारलं. "भिवंडीला ना?"

पलीकडे कुणीतरी मोबाइलवर हात ठेवला. पण नीट ठेवला नाही.

"माझं नाव नको घेऊ," दबका आवाज आला. "फक्त काय करायचं ते विचार."

शेवंतीने ओले हात पदराला पुसले. एक हात पुसून झाला तरी तोच पुसत राहिली.

"हॅलो? ताई?"

"आहे मी," ती म्हणाली. "वरचा दोरा ताणाच्या चकत्यांच्या मध्ये बसला नसेल, वरून गेला असेल. सगळा काढ आणि पुन्हा ओव. ओवताना दोन्ही हातांनी ताणून धर. आत बसला की हाताला कळतं."

तिने फोन कानाशीच धरला. पलीकडे खुडबुड झाली, मग मशीन चालू झालं. एका लयीत, कुठेही न अडखळता. तिने ते पहिला रंग संपून दुसरी सुई लागेपर्यंत ऐकलं.

"झालं ताई! एकदम मस्त. थँक्यू हं."

"ठेवू नकोस," शेवंती म्हणाली. "तिथे हेमू उभा आहे ना, त्याला विचार, जेवायला घरी आहे का. मला भात टाकायचाय."