खंडेनवमीचा नारळ

खंडेनवमीच्या दुपारी श्रमसाफल्य सोसायटीच्या पार्किंगमध्ये फटकन आवाज झाला आणि छायाच्या इलेक्ट्रिक टेम्पोचा चार्जर बंद पडला. सॉकेटभोवतीची भिंत तळहाताएवढी काळी झाली आणि जळक्या प्लास्टिकचा वास जिन्यातून वर चढला. इजा कोणाला झाली नाही. पण संध्याकाळी सभा ठरली, आणि ती कशासाठी हे कोणाला विचारावं लागलं नाही.

सोसायटी सातपूरची. बहुतेक बिऱ्हाडं कारखान्यात शिफ्ट करणाऱ्यांची. गच्चीवर सोलरचे बंब बसवले तेव्हा कोणी हूं की चूं केलं नव्हतं. उलट पाहुणे आले की त्यांना वर नेऊन ते दाखवायचे. छायाच्या चार्जरला मात्र मंजुरी मिळाली ती नाखुशीने आणि फक्त दसऱ्यापर्यंत. तोवर काही झालं नाही तर पुढे बघू, असं अध्यक्ष मल्हारी सोनवणेंनी सांगितलं होतं. आणि दसरा उद्यावर आलेला असताना हे झालं.

डिझेलची जुनी रिक्षा विकून छायाने हा टेम्पो घेतला होता. पहाटे गिरणाऱ्याला भावाच्या मळ्यात जायचं, झेंडू भरायचा आणि पंचवटीच्या फुलबाजारात उतरवायचा, हा तिचा रोजचा धंदा. रस्त्यावरच्या चार्जिंग स्टेशनला मोटारी चार्ज होत. तिथला प्लग तिच्या टेम्पोला बसत नव्हता. पार्किंगमधला चार्जर गेला, तर टेम्पो नुसता उभा राहणार होता.

आणि तो का बंद पडला, हे तिला ठाऊक होतं.

कारभारी आण्णा मशीन शॉपमधून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले. दर खंडेनवमीला सोसायटीच्या यंत्रांची पूजा त्यांच्याच हातची. पाण्याचा पंप, लिफ्टची मोटर, मीटरचा बोर्ड. चार्जरला त्यांचा पहिल्यापासून विरोध होता, तरी या वर्षी ते आपणहून त्याच्यासमोर थांबले. यंत्र दारात आलंय तर त्याचा मान ठेवायला हवा, असं म्हणून त्यांनी त्याला हळदकुंकू लावलं. छायाला भरून आलं. तिनेच झेंडूची माळ पुढे केली. आण्णांनी नारळ फोडला आणि ओंजळीतलं पाणी चार्जरवर, सॉकेटवर, टेम्पोच्या चाकावर सढळ हाताने शिंपडलं. मंडळी प्रसादाला वर गेली आणि थोड्याच वेळात तो आवाज झाला. छाया धावत खाली आली तेव्हा सॉकेटच्या झाकणातून पाणी ठिबकत होतं.

तिने दीपकला, नवऱ्याला, कंपनीत फोन लावला. सगळं सांगितलं.

"पूजेचं नाव काढू नकोस," तो म्हणाला. "आण्णांचं तर मुळीच नको. पूजेमुळे जळालं म्हणशील, तर उद्या सोनं द्यायला कोणी दारात येणार नाही. या लोकांत राहायचंय आपल्याला."

सभा पार्किंगमध्येच भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, पण काळ्या भिंतीजवळच्या रिकाम्याच राहिल्या. सुरुवात शुभांगीने केली. तळमजल्यावरची तिची झोपायची खोली चार्जरला लागून होती आणि तिची पाच वर्षांची वेदिका त्याच भिंतीशी झोपायची. जळणाऱ्या स्कूटरचा कुठलासा व्हिडिओ पाहिल्यापासून शुभांगीची झोप उडाली होती. तिने आवाज चढवला नाही.

"ताई, राग मानू नका. पण तुमच्या धंद्यासाठी मी रोज भिंतीला हात लावून बघत बसायचं का, गरम झाली की काय म्हणून?"

मग बाकीचे बोलू लागले. एकाने बॅटरीवर भरवसा कसा ठेवायचा हे विचारलं. पेट्रोलची गाडी पेटायच्या आधी निदान खोकते तरी, असं दुसरा म्हणाला आणि थोडं हसू पसरलं. मागून कोणीतरी ठासून म्हणालं, "आण्णांच्या हातची पूजा होऊनसुद्धा पेटलं. म्हणजे खोट त्या यंत्रातच."

माना हलल्या. छायाने आण्णांकडे पाहिलं. ते पंच्याच्या टोकाने चष्मा पुसत होते आणि काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

मल्हारींनी चार्जर काढायचा ठराव मांडायला सुरुवात केली तशी छाया उठली. काय बोलायचं नाही, तेवढंच तिने पक्कं केलं होतं.

"आण्णा, एक विचारू? कंपनीत खंडेनवमीला पूजेच्या आधी काय करायचे?"

आण्णांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मेन स्विच बंद करायचा. मशीन पुसून घ्यायचं. मग हळदकुंकू, मग नारळ."

"आज पंपाचा?"

"बंद केला होता."

"लिफ्टचा?"

"तोही."

छाया थांबली. तिसरा प्रश्न ओठांवर होता, पण तिला तो विचारवेना. विचारला असता तर सत्तरीच्या माणसाला चारचौघांत उघडं पाडल्यासारखं झालं असतं, आणि त्यांच्यामागून देवालाही. मल्हारींनी घसा खाकरला.

"आणि याचा?" शुभांगीने विचारलं. तिची नजर काळ्या भिंतीवर होती.

आण्णा सावकाश उठले. "आवाज नव्हता त्याला," ते म्हणाले. "पंप घरघरतो. लिफ्टची मोटर गुणगुणते. आख्खी नोकरी मी कानावर केली. मशीन जिवंत आहे का, हे मला बघावं लागत नाही. हे मुकंच उभं होतं. मला बंद वाटलं."

"टेम्पो मीच जोडून ठेवला होता," छाया घाईने म्हणाली. "मी सांगायला हवं होतं. माळ हातात घेऊन तिथेच तर उभी होते."

मागे कुजबुज झाली. पूजेला नावं ठेवता का, असं एकाने विचारलं, तेव्हा आण्णांनीच त्याला हाताने गप्प केलं. क्षणभर छायाला वाटलं, जिंकले.

"म्हणजे भीती वाढलीच की," शुभांगी म्हणाली. "आण्णांना कळलं नाही, तर माझ्या पोरीला काय कळणार? ती तिथेच चेंडू खेळते. ओल्या हाताने."

हे खरंच होतं. छाया खाली बसली. आपण सत्य काढायला गेलो आणि शुभांगीच्या हातात आणखी एक कारण दिलं, असं तिला वाटलं. टेम्पो विकला तरी जुनी रिक्षा काही परत येणार नव्हती. मल्हारींनी पुन्हा ठरावाचा कागद हातात घेतला.

"सॉकेट माझ्या डोक्याच्या वर न्या," शुभांगी अचानक म्हणाली. "वर झाकण, त्याला कुलूप. आणि लाल दिवा. चालू असेल तेव्हा माझ्या खिडकीतून दिसला पाहिजे. नाही दिसला, तर वायर मी स्वतः उपटेन. दिवाळीपर्यंत बघते."

"दिवा मी लावतो," आण्णा म्हणाले. "कुलूपही."

या अटींवर चार्जर ठेवायला कोण कोण तयार, असं विचारून मल्हारींनी हात वर करायला सांगितले. आण्णांचा हात आधी वर गेला. मग एकेक करत बरेचसे. शुभांगीने हात वर केला नाही, पण विरोधातले हात मोजले तेव्हाही तो मांडीवरच होता. चार्जर काढायचा ठराव पडला.

दसऱ्याला फटफटताना छायाने टेम्पो काढला. बॅटरी अर्धीच होती. एरवी दसऱ्याला ती दोन खेपा करायची, आज एकच होणार होती. पूजेत चाकाखाली ठेवलेलं लिंबू दबलं, तेवढाच काय तो आवाज. शुभांगीच्या खिडकीत उजेड होता. गजांमागे ती उभी होती, एक हात भिंतीवर टेकवून.

फाटकापर्यंत दिवे लावायची छायाला सवय नव्हती. आज तिने आधीच लावले, खिडकीतून दिसतील असे पूर्ण, आणि भिंतीवर पडलेल्या त्या उजेडातून टेम्पो हळू बाहेर घेतला.