हात आडवा

चौतीस वर्षं मी जळगावात शेवभाजीच्या हॉटेलात वाढपी होतो. वेटर नाही, वाढपी. वेटर प्लेट आणून आपटतो आणि तोंड फिरवतो. वाढपी परत येतो. एका हातात रस्स्याची बादली, दुसऱ्या हातात ओगराळं, आणि नजर सगळ्या ताटांवर. कुणाची शेव रस्सा पिऊन कोरडी पडली, कुणाची भाकरी उरली आणि रस्सा संपला, हे त्याला स्वतःला कळायच्या आत मला कळलेलं असायचं. आमच्याकडे रस्सा कितीही वेळा घ्या, पैसे एकदाच. जळगावातलं शेंबडं पोरही हे जाणतं.

ही विद्या मला रूपचंदकाकांनी दिली. ते त्या हॉटेलातले जुने वाढपी. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "तोत्या, गिऱ्हाईक तोंडानं नाही म्हणतं ते खोटं. ताटावर हात आडवा आला की तेच खरं नाही. हात आडवा येत नाही तोवर वाढत जायचं." मी चौतीस वर्षं तसंच केलं. पंगतीत काय नि हॉटेलात काय, माणूस भिडेपोटी उपाशी उठतो. तो उठू नये म्हणून वाढपी असतो.

मग मालकाच्या मुलानं रस्सा वाटीत मोजून द्यायला सुरुवात केली. मला म्हणाला, "नाना, आता सारखं फिरायची गरज नाही." महिनाभरात माझीच गरज उरली नाही. शाल दिली, नारळ दिला, फोटो काढला. शाल बरी होती, खोटं कशाला बोलू.

घरी बसलो आणि सुमनबाईच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, ताटात वाढायला लागलो. तिनं हात आडवा केला तरी मला तो तिरका दिसायचा. आठव्या दिवशी तिनं दोन्ही हात जोडले. म्हणाली, "मला जगू द्या. मयुरीकडे जा धुळ्याला. तिचं दुकान आहे, तुमचे हात शिवशिवतायत, दोघांचंही भलं होईल."

मयुरी आमची थोरली. धुळ्यात देवपुरात, कॉलेजच्या रस्त्यावर, तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं, शिल्पानं, मिळून कॉफी शॉप काढलंय. दोन वर्षं झाली. पोरीनं स्वतःच्या हिमतीवर उभं केलं, त्याचा मला अभिमान आहे, पण उद्‌घाटनाला गेलो तेव्हा मला कुणी एक टेबलही पुसू दिलं नव्हतं.

फोनवर ती आईला म्हणाली, "एक दिवस येऊ दे. शनिवारी. जमलं तर राहतील, नाही जमलं तर रविवारच्या गाडीनं परत. पण आई, आबांना सांग, ते हॉटेल नाही." फोन स्पीकरवर होता. मी शेजारीच बसलो होतो. आबा म्हणजे मी.

आता हसाल, पण बासष्टाव्या वर्षी माझी परीक्षा होती आणि मला तीत पास व्हायचं होतं. नापास झालो तर उरलेलं आयुष्य सुमनबाईच्या ताटाकडे बघत काढायचं होतं. पारोळ्यापर्यंत मी एसटीत नुसता हात चोळत बसलो. मांडीवर पिशवी, पिशवीत दोन जोड कपडे आणि सुमनबाईनं बांधून दिलेलं भरीत आणि कळण्याची भाकरी.

दुकान छान होतं. काचेचं दार, भिंतीवर झाडं, फरशी अशी की तोंड बघून घ्यावं. शिल्पानं मला काळा एप्रन बांधला. स्वभावानं मोकळी पोर, म्हणाली, "काका, एकदम हिरो." मयुरी यंत्रासमोर उभी राहून कपात दुधाची नक्षी काढत होती. तिला ते कुठे शिकायला मिळालं देव जाणे. जीभ दाताखाली धरून काढायची, पहिलीत मुळाक्षरं गिरवायची तशीच.

काउंटरवर फिल्टर कॉफीचा स्टीलचा जग भरून ठेवलेला होता. समोर सहा टेबलं, आणि चारांवर कप रिकामे व्हायला आलेले. आता सांगा, मी काय करणार होतो?

मी जग उचलला.

पहिल्या टेबलावर एक मुलगी मोबाइलनं कपाचा फोटो काढत होती. कप अर्धा, वर मयुरीनं काढलेलं फूल. मी फुलात कॉफी ओतली. ती "अंकल!" म्हणाली. तोंडानं. हात आडवा आला नाही. दुसऱ्या टेबलावरचे दोघं एकमेकांत इतके बुडालेले की त्यांना कळलंच नाही. तिसऱ्यावर एक पोरगी कानात बोंडं घालून लॅपटॉपशी बोलत होती, इंग्रजीत, ताठ बसून. कप तळाला गेलेला. मी वाकलो आणि म्हणालो, "घ्या ताई, लाजू नका, आपल्याकडे परत घ्यायचे पैसे लागत नाहीत." तिनं डोळे मोठे केले. मी ओतली. तिनं मान हलवली. मी अजून ओतली.

मयुरी काउंटरमागून धावत आली. माझ्या हातातून जग घेतला आणि मला मागच्या खोलीत नेलं.

"आबा, ती नोकरीचा इंटरव्ह्यू देत होती!"

"मग तर घसा कोरडा पडला असेल."

"तुम्ही कॅमेऱ्यात दिसत होता! जग घेऊन!" तिचा आवाज चिरकला. "तिच्या कपात दुधाची कॉफी होती, तुम्ही वरून दुसरीच ओतलीत. कुणी मागितली होती?"

"कुणी हात आडवा केला नाही," मी म्हणालो.

मला वाटलं हसेल. ती हसली नाही. "आबा, इथे लोकांना हात आडवा करायचा असतो हेच माहीत नाही," म्हणाली. "एप्रन काढा. बाहेर खिडकीपाशी बसा. गिऱ्हाईक म्हणून बसा. उठायचं नाही."

सकाळचे अकराही वाजले नव्हते. मी नापास झालो होतो. खूप लागलं मला ते, मनाला लागलं. त्या इंटरव्ह्यूवाल्या पोरीची माफी मागायला गेलो तर ती लॅपटॉप मिटून निघून गेलेली. तिचं पुढे काय झालं मला आजही ठाऊक नाही. कधी आठवण आली की अजून कसंतरी होतं.

खिडकीपाशी बसलो. शिल्पानं कॉफी आणून ठेवली. चौतीस वर्षांत मी हॉटेलात गिऱ्हाईक म्हणून बसलो नव्हतो. हात कुठे ठेवायचे कळेना. पंधरा मिनिटं मी कुणी येऊन काही विचारेल म्हणून वाट बघितली. कुणी आलं नाही. आमच्याकडे बारा मिनिटांत टेबल रिकामं व्हायचं. इथे एक जण तासभर एका कपावर बसून पुस्तक वाचत होता आणि मयुरी त्याच्याकडे बघतही नव्हती. मला आधी वाटलं, काय हे दुर्लक्ष. मग बघता बघता लक्षात आलं की तो त्यासाठीच आलाय. घरी कुणी त्याला तासभर गप्प बसू देत नसेल. मलाही तासभर कुणी काही विचारलं नव्हतं, आणि ते मला आवडायला लागलं होतं. त्याचाच मला जास्त राग आला.

दुपारी दोनच्या सुमारास काचेबाहेर एक जोडपं येऊन थांबलं. सत्तरीचे असतील. म्हाताऱ्याच्या डोक्यावर टोपी, हातात दवाखान्याची पिशवी. म्हातारीच्या डोळ्यांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा काळा चष्मा. म्हाताऱ्यानं आत बघितलं, दार बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे बघितलं. दोघांनी पायरीखाली चपला काढल्या. आणि तशीच अनवाणी उभी राहिली, कारण दार ढकलायचं की ओढायचं ते कळेना, आणि आत कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. बघायचं नाही हाच तर इथला नियम होता.

म्हातारीनं नवऱ्याची बाही ओढली. काचेतून ऐकू आलं नाही, पण मला कळलं ती काय म्हणतेय. चला.

मला उठायचं नव्हतं. तशी ताकीद होती, आणि मी पोरीचा शब्द आधीच एकदा मोडला होता. मी काउंटरकडे बघितलं. मयुरी पाठमोरी होती. म्हातारा चपलेत पाय घालायला लागला.

मी उठलो आणि दार उघडलं.

"भो, आठे चहा भेटस का?" म्हाताऱ्यानं अहिराणीत विचारलं.

"चाला हो," म्हातारी म्हणाली, "हाई आपलं काम नही शे."

"भेटस ना, अक्का. मझार या," मी म्हणालो. "चप्पल ऱ्हाऊ द्या पायमा."

"नही भो. इतली चोखी फरशी शे."

ती ऐकेना. मग मीही माझ्या चपला काढल्या आणि त्यांच्या चपलांशेजारी ठेवल्या. आम्ही तिघं अनवाणी आत गेलो. मयुरी वळली. तिनं माझे पाय बघितले, त्यांचे पाय बघितले, आणि काचेबाहेरचे तीन जोड बघितले. मग परत यंत्राकडे वळली.

म्हाताऱ्याचं नाव पितांबर. गाव सोनगीरकडचं. "आज पट्टी सोडी हिन्ही," त्यानं सांगितलं. "तीन वरीसथीन धूसर दिखे हिले." गाडीला दीड तास होता. सकाळपासून दोघांच्या पोटात काही नव्हतं. चहा त्या दुकानात नव्हताच, म्हणून मी काउंटरवर जाऊन मयुरीला हळूच म्हणालो, "दोन कॉफी आणि दोन सँडविच. तिखट. आणि मी बसतो परत, रागावू नको." तिनं मान हलवली. कॉफी घेऊन ती स्वतः आली.

झुंबरबाई, म्हणजे ती म्हातारी, कपाकडे बघत राहिली. मग तिनं काळा चष्मा कपाळावर चढवला आणि आणखी वाकून बघितलं.

"हाई कोन्ही काढं?"

"मी, आजी," मयुरी म्हणाली.

"पान शे ना हाई? पिंपयनं?"

"हो. पिंपळाचंच."

"मंग मी कशी पिऊ? मोडी जाई ना."

दिवसभर लोक त्या नक्षीचे फोटो काढत होते. पण पिंपळाचं पान आहे हे कुणी ओळखलं नव्हतं. मयुरीचे डोळे भरले. मी बघितले, म्हणून सांगतो. ती झटकन वाकली आणि झुंबरबाईंचा चष्मा खाली करून म्हणाली, "प्या. मी दुसरं काढून देते."

पितांबरनं कप रिकामा करून खाली ठेवला. मी माझ्या खुर्चीत होतो. हात शिवशिवले. मी मयुरीकडे बघितलं. तिनं काउंटरवरचा फिल्टर कॉफीचा जग बोटानं माझ्याकडे सरकवला.

मी गेलो आणि वाढली.

"पुरे, पुरे," पितांबर म्हणाला. तोंडानं. मी थोडी अजून वाढली. तो प्यायला. मी परत जग वाकवला, आणि त्यानं कपावर हात आडवा केला. रापलेला, रुंद पंजा, पाचही बोटं सरळ. मला इतका आनंद झाला की काय सांगू. सकाळपासून त्या दुकानात माझी भाषा समजणारा पहिला हात होता तो. मी लगेच थांबलो. थांबता येणं हेही वाढप्याचंच काम असतं.

ते गेले. जाताना झुंबरबाईंनी मयुरीच्या गालावरून बोटं फिरवून स्वतःच्या कानशिलावर मोडली. मी परत खिडकीपाशी बसलो, आणि खरंच बसून राहिलो. संध्याकाळपर्यंत दोनदा दाराशी गेलो. एकदा कॉलेजच्या वसतिगृहात पोरीला भेटायला आलेली एक आई बाहेर घुटमळत होती तिच्यासाठी, एकदा एक रिटायर मास्तर होते त्यांच्यासाठी. पुस्तकवाल्याकडे मी ढुंकूनही बघितलं नाही.

सहाच्या पुढे गर्दी ओसरली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मयुरीचा स्वतःचा डबा सकाळपासून तसाच आहे. दिवसभर सगळ्यांना दिलं, आणि स्वतः उपाशी. बापाच्या वळणावर गेलेली पोर, दुसरं काय. मी मागच्या खोलीतून माझी पिशवी आणली, ताटली घेतली, आणि खिडकीच्या टेबलावर भरीत आणि भाकरी वाढली.

"बस," मी म्हणालो.

"आबा, अजून यंत्र धुवायचंय."

"मी धुते," शिल्पा आतून ओरडली. "बस गं तू."

ती बसली. पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. सुमनबाईचं भरीत आहे, डोळे मिटणारच. मी बाजूला उभा राहिलो, चमचा हातात घेऊन. दिवसभर जे विचारायचं होतं ते विचारायचं धाडस आता आलं.

"मग उद्याच्या गाडीचं तिकीट काढू का?"

"काढा," मयुरी घास चावत म्हणाली.

म्हणजे नापासच. म्हटलं, ठीक आहे. एक दिवस ठरला होता, एक दिवस झाला. चमचा डब्यात तसाच राहिला. मग सवयीनं माझी नजर तिच्या ताटलीकडे गेली. भरीत संपत आलं होतं. एका हातानं ती भाकरी मोडत होती, दुसरा हात टेबलावर नुसता पडला होता. ताटलीवर काही आडवं आलं नव्हतं.

मी भरीत वाढलं.

"पुरे हो आबा," ती म्हणाली, आणि ताटली बोटभर माझ्याकडे सरकवली. "काढा तिकीट. आणि सोमवारी येताना सगळे कपडे घेऊन या. दोन जोडांवर किती दिवस काढाल? चपलाही जरा बऱ्या घ्या. दार तुमचं आहे आता, सारख्या काढाव्या लागतील."